बिअरमधला मासा: माझा अनुभव

हे तीन आठवडे आणि चार ई-मेल वाया गेल्याच्या रागात लिहितोय, हे आधीच सांगतो.

मी शाकाहारी. लीड्सला येऊन सहा वर्षं झाली. "बिअर चालते आणि मासा चालत नाही?" हा प्रश्न इथल्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच. घरी दोन्ही चालत नव्हतं. एकाची परवानगी माझी मीच काढली, दुसऱ्याची इच्छा झाली नाही, इतकंच. बायको मालवणची. त्यामुळे आमचे फ्रीजचे कप्पे वेगळे आणि पब एकच.

इंग्लंडची पारंपरिक एल आवडायला मला दोन महिने पुरले. थंडगार बाटलीवर वाढलेल्या जिभेला पहिला घोट कोमट आणि मिळमिळीत लागतो. कारण ही बिअर अकरा ते तेरा अंशांवर देतात, वरून गॅस सोडत नाहीत आणि तळघरातल्या पिंपातून हातपंपानं ओढून पेल्यात आणतात. पिंपात यीस्ट जिवंत असतं, बिअर तिथेच शेवटची मुरते. ही पद्धत मरू नये म्हणून १९७१ साली चौघांनी कॅम्रा ही चळवळ सुरू केली, तिचे बिअर महोत्सव गावोगाव होतात. तिथे जाऊन बघाच, आणि एक तृतीयांश पाइंटचा पेला मागा (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त). ते कायदेशीर माप आहे, कुणी चिकट म्हणत नाही.

आता मासा.

एकदा ओळखीच्या पबमालकानं हौसेनं तळघर दाखवलं. पिंपाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणलं की एक दिवस निवांत पडू द्यायचं, फायनिंग्ज खाली बसतात." फायनिंग्ज म्हणजे काय, विचारलं. "फिश गट्स," म्हणाला आणि पुढच्या पिंपाकडे वळला. मी तिथेच उभा. दोन वर्षं पीत होतो की मी!

त्या वस्तूला आयझिंग्लास म्हणतात. माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेली. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तसंच काम. त्यातल्या कोलॅजेनवर धन भार असतो आणि यीस्टवर ऋण, त्यामुळे दोघं एकमेकांना चिकटून तळाशी जातात आणि वर लख्ख बिअर राहते. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या पिशवीला सोन्याचा भाव मिळतो ना, तीच जातकुळी. बायको म्हणाली, "तळाशी बसतो ना? मग तू वरचं पी." शास्त्र तिच्या बाजूनं आहे, मन माझ्या.

बरं, हे कुठे लिहिलेलं असतं का? नाही. इथे मासा ॲलर्जीच्या यादीत आहे, पाकिटावर तो ठळक छापावा लागतो. पण बिअर किंवा वाइन निवळायला वापरलेल्या आयझिंग्लासला त्यातून सूट आहे. म्हणजे विचारल्याशिवाय कळायचा मार्ग नाही.

गेल्या डिसेंबरात त्याच पबमध्ये एक काळी हिवाळी एल आली. तासाभरावरची छोटी ब्रुअरी, नाव घेत नाही. वर्षातून एकदाच काढतात. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "व्हेजिटेरियनच की, बार्ली आणि हॉप्स!" मी ब्रुअरीला मेल टाकला. लगेच उत्तर आलं, पण ते यंत्राचं. चार दिवसांनी माणसाचं आलं: "आमच्या बिअरमध्ये बार्ली आहे, ग्लुटेनची काळजी घ्या." मी ग्लुटेनचं विचारलंच नव्हतं. दुसरा मेल. आठवड्यानं उत्तर: "आमच्या सगळ्या बाटल्या व्हीगन आहेत!" पुढे हसरा चेहरा. मी पिंपाचं विचारतोय हो, बाटलीचं नाही. तिसरा मेल, त्यावर "ब्रुअरकडे पाठवलाय." मग शुकशुकाट. चौथ्यालाही शुकशुकाट.

आणि इकडे पिंप काय माझ्यासाठी थांबतंय? एकदा लावलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नंतर हवा लागून बिअर आंबते. पहिलं उत्तर यायच्या आत हातपंपावरची चकती उलटी फिरली होती. चकती उलटी म्हणजे ती बिअर संपली, हेही लक्षात ठेवा, उगाच रांगेत उभे राहू नका. बायकोनं मात्र आदल्या दिवशी अर्धा पाइंट घेतला होता. "मनुका आणि थोडा करपलेला गूळ," म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी चिडून फोन लावला. ब्रुअरनंच उचलला. दोन मिनिटांत विषय संपला. "हो, पिंपात घालतो. मासाच." एवढंच!

तर पहिला धडा: मेल करू नका, फोन करा, तोही सकाळी. दुसरा, "शाकाहारी आहे का" असं विचारूच नका. "हे पिंप फाइन केलंय का, आणि कशानं?" असं विचारा. एकाच बिअरची बाटली गाळलेली आणि पिंप माशानं निवळलेलं, असं सर्रास असतं. बार्निव्होर या संकेतस्थळावर कंपन्यांची उत्तरं सापडतात, पण तिथेही बाटली की पिंप हे नीट वाचा.

सगळेच घोळ घालतात असं नाही. टॅडकास्टरची सॅम्युअल स्मिथ ही १७५८ पासूनची ब्रुअरी कुठली बिअर व्हीगन आणि कुठली नाही ते सरळ सांगते. त्यांची यॉर्कशायर स्टिंगो ओकच्या पिंपात वर्षभर मुरवतात. ती व्हीगन यादीत नाही, हे मला एका मिनिटात कळलं. मित्रानं भेट दिलेली बाटली बायकोकडे गेली. वाईट वाटलं, पण राग नाही आला. ब्रिस्टलची मूर ही ब्रुअरी तर न निवळलेली गढूळ एल अभिमानानं विकते. गिनेसनंही २०१५ मध्ये जाहीर करून पुढच्या काही वर्षांत मासा काढून टाकला.

गढूळ पेला आला की बिघडला समजून परत करू नका, आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आला तर खुशाल परत करा, पबवाले बदलून देतात.

फोनवर ब्रुअर एक कामाची गोष्ट बोलला होता. पबनं आधी मागितलं तर एखादं पिंप न निवळता देता येतं. मालकाला सांगितलं, त्यानं डायरीत लिहून घेतलंय: डिसेंबर, एक फर्किन, विनामासा. फर्किन म्हणजे बहात्तर पाइंट. बायकोनं आत्ताच हात वर केलेत. लीड्सच्या आसपास असाल तर कळवा, तीन दिवसांत संपवायचंय.