जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो: खरी कारागिरी केसमध्ये आहे

रिव्हर्सो हे जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीचं मनगटी घड्याळ, ज्याची केस, म्हणजे धातूचं बाहेरचं कवच, उलटवता येते. ते घ्यायला निघालेला माणूस आधी मशीनबद्दल, म्हणजे आतल्या यंत्राबद्दल विचारतो. प्रश्न वावगा नाही, पण या घड्याळात मशीनपेक्षा जास्त डोकं केसमध्ये घातलेलं आहे. पन्नासहून अधिक सुट्या भागांची केस, ती जिच्यावर सरकते ती बैठक आणि दोघींना जागच्या जागी धरणाऱ्या, स्प्रिंगने दाबलेल्या बारीक गोळ्या हे सगळं जुळून आलं तरच ते रिव्हर्सो. घड्याळ रोज वापरताना, सर्व्हिसिंगला देताना, जुनं पारखून घेताना लक्ष आधी तिथे हवं.

या केसचा जन्म एका साध्या अडचणीतून झाला. पोलो खेळताना मनगटावरच्या घड्याळाची काच फुटायची. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची ही तक्रार सेझार द त्रे या स्विस व्यापाऱ्याने 1930च्या सुमारास ऐकली आणि ती घड्याळं बनवणाऱ्या लकूल्त्र घराण्यातल्या झाक-दाविद लकूल्त्र यांच्यापर्यंत नेली. घड्याळ उलटं करून धातूची पाठ वर आणायची, हा त्यावरचा तोडगा. रने-आल्फ्रेद शोवो या फ्रेंच अभियंत्याने ती रचना कागदावर उतरवली आणि 4 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी घड्याळ विक्रीला आलं. त्या केसमध्ये बसेल असं मशीन लकूल्त्रकडे तेव्हा नव्हतं, त्यामुळे पहिल्या रिव्हर्सोंमध्ये ताव्हान कंपनीचं मशीन आहे. स्वतःचं मशीन 1933मध्ये आलं. म्हणून 1931-32चं रिव्हर्सो उघडल्यावर आत ताव्हान दिसलं, तर लगेच नकली ठरवू नका.

मशीन बनवण्यात मात्र हे घराणं मुळीच नवखं नव्हतं. आंत्वान लकूल्त्र यांनी 1833मध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले द झू या थंड खोऱ्यातल्या ल सांतिए गावात कारखाना सुरू केला. 1844मध्ये त्यांनी मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत) मोजणारं मिलिओनोमेत्र हे उपकरण बनवलं. सुटे भाग एकसारखे व्हायचे असतील तर मोजमाप आधी अचूक हवं, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. 1903मध्ये पॅरिसच्या एदमों जेगर यांनी अतिशय पातळ मशीन बनवून दाखवण्याचं आव्हान दिलं आणि त्यातून झालेल्या भागीदारीतून 1937मध्ये जेगर-लकूल्त्र हे जोडनाव रूढ झालं. दरम्यान 1929मध्ये कॅलिबर 101 नावाचं मशीन तयार झालं होतं. वजन जेमतेम एक ग्रॅम, लांबी 14 मिलिमीटर, रुंदी 4.8. 1953मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी त्यांच्या मनगटावर याच मशीनचं घड्याळ होतं. इतकं लहान यांत्रिक मशीन आजही सांभाळलं जातं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

पुन्हा केसकडे येऊ. वरच्या आणि खालच्या टोकाला तीन-तीन आडव्या रेघा दिसतात, त्यांना गोद्रों म्हणतात. लांबट चौकोन त्या रेघांमुळे बांधल्यासारखा दिसतो आणि केस व बैठक यांच्यातली फट नजरेत येत नाही. ही फट सगळीकडे सारखी असणं हीच चांगल्या रिव्हर्सोची पहिली खूण. एका बाजूला जेमतेम कागदाएवढी आणि दुसऱ्या बाजूला नख जाईल इतकी असेल, तर घड्याळ पडलेलं आहे किंवा कुणीतरी जास्त घासलेलं आहे.

आत कॅलिबर 822 असलेल्या मॉडेलमध्ये मशीनही केसच्याच आकाराचं, लांबट आहे. त्याची गती तासाला 21,600 स्पंदनं, आणि पूर्ण चावी दिल्यावर ते सुमारे 42 तास चालतं. चौकोनी केसमध्ये गोल मशीन घालून उरलेली जागा कड्याने भरणं स्वस्त पडतं. ते इथे केलेलं नाही, आणि घड्याळाच्या किमतीत या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

आता पाण्याचा मुद्दा. रिव्हर्सोवर 30 मीटरचा आकडा असतो तो तीन बार स्थिर दाबाचा, पोहण्याच्या परवानगीचा नव्हे. गोल केसमध्ये रबरी गॅस्केट चहूबाजूंनी सारखं दाबलं जातं. चौकोनी केसमध्ये कोपऱ्यांवर आणि सरळ बाजूंवर दाब वेगवेगळा पडतो आणि गॅस्केट आधी कोपऱ्यात थकतं. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतं. आंघोळ, पोहणं, वाफेची खोली नाही. काचेच्या आतून धुकं दिसलं तर उन्हात ठेवून वाळवायच्या भानगडीत पडू नका, त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला द्या. स्टीलच्या बारीक भागांवर गंज धरायला फार वेळ लागत नाही.

केस उलटवण्याचीही रीत आहे. चावीचं बटण पूर्ण आत दाबलेलं आहे ना, हे आधी पाहायचं. बटण बाहेर असताना केस फिरवली तर त्याच्या दांडीवर आडवा ताण येतो. मग केस अंगठ्याने आडवी, थेट शेवटापर्यंत सरकवायची, तिथे पोचल्यावरच वळवायची आणि परत सरकवून टक् असा आवाज येऊ द्यायचा. अर्ध्यातच वळवली की केसची कड बैठकीच्या कडेला घासते. पुष्कळ वापरलेल्या रिव्हर्सोच्या आतल्या कडांवर जे चंद्रकोरी ओरखडे दिसतात, ते बहुधा या घाईचेच असतात.

सरकताना करकर जाणवली, तर खाचेत धूळ आणि घाम साचलाय. कोरड्या मऊ ब्रशने खाच झाडायची आणि मायक्रोफायबर कापडाने पुसायची, बस. घरात मिळणारं कुठलंही तेल तिथे लावू नका. पहिले दोन दिवस केस लोण्यासारखी सरकते, मग त्याच तेलात धूळ कालवली जाते आणि ती धातू घासू लागते. टक् आवाज ढिला झाला असेल तर गोळ्या किंवा त्यांच्या मागच्या स्प्रिंगा झिजल्या आहेत, ते काम घड्याळजीचं.

चावी रोज साधारण एकाच वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यावी. हातात असताना बटण तिरकं ओढलं जातं. बोटांना ठाम अडथळा जाणवला की थांबायचं. घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्या. फोनचा स्पीकर, टॅब्लेटचं कव्हर, पर्सचं बटण यांपैकी कशानेही हेअरस्प्रिंग या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची काम करणारी लांबी कमी होते आणि बॅलन्स हे झुलणारं चाक जोरात धावतं. हे चुंबकत्व उतरवायला काही सेकंद लागतात, त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मोजायची गरज नाही.

पूर्ण सर्व्हिसिंगची वेळ झाली की नाही, हे टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर कळतं. पूर्ण चावीवर, डायल वर असताना बॅलन्सचा झोका 270 ते 310 अंशांच्या दरम्यान असावा. तो बराच खाली आला असेल तर तेल सुकलं आहे, मग घड्याळ वेळ बरोबर दाखवत असलं तरी. कोरडे पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची टोकं, आपल्या भोकांत झिजत राहतात, म्हणून बंद पडेपर्यंत थांबणं महागात जातं. सेंटरमध्ये मशीन पूर्ण उकलतात, अल्ट्रासॉनिक टाकीत धुतात, घड्याळ चालवणारी मेनस्प्रिंग बहुतेक वेळा नवी घालतात. मग मंद, जड चाकांना दाट तेल आणि वेगाने फिरणाऱ्या भागांना पातळ तेल देतात. केसचे भाग वेगळे धुतले जातात, सगळी गॅस्केट बदलतात, दाबाची चाचणी होते आणि नंतर काही दिवस घड्याळ निरनिराळ्या स्थितींत ठेवून तपासतात.

घड्याळ देताना सगळ्यात महत्त्वाची सूचना पॉलिशची, आणि ती तोंडी नको, पावतीवर लिहून हवी. कंपनीच्या पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये केस उजळून देण्याचं काम धरलेलं असू शकतं. गोल घड्याळात एखादं पॉलिश खपून जातं. रिव्हर्सोमध्ये गोद्रोंच्या रेघांची धार बोथट होते, कोपरे गोल होतात, फट रुंदावते आणि पाठीवर कोरलेली अक्षरं पुसट होतात. काढलेला धातू परत येत नाही. माझं मत पक्कं आहे: ओरखडे राहू द्यावेत, धार जपावी. जुन्या घड्याळाचं डायल नव्याने रंगवू नये, बदलू नये, हेही त्याच कागदावर लिहावं, आणि बदललेले सगळे जुने भाग परत मागावेत. ते मिळाले तर काय झिजलं होतं हे आपल्या डोळ्यांनी दिसतं.

नवं घड्याळ असेल तर कंपनीच्या केअर प्रोग्रॅममध्ये नोंदणी करायला विसरू नका. मूळ दोन वर्षांची वॉरंटी त्यामुळे आठ वर्षांपर्यंत वाढते. त्यासाठी घड्याळाचा सीरियल नंबर लागतो.

घड्याळ परत आलं की काउंटरवरच तीन गोष्टी पाहा. केस दोन्ही बाजूंनी उलटवून टक् आवाज सारखा येतो का, फट चारही बाजूंनी सारखी आहे का, आणि गोद्रोंवर तिरका उजेड टाकला की सहाही रेघा वेगवेगळ्या, धारदार दिसतात का. सर्व्हिसिंगआधी याच तीन जागांचे फोटो काढून ठेवलेले असतील तर वाद घालायची वेळ येत नाही, फोटो दाखवले की पुरतं.