११४ गुणांत न मावलेले जेवण

उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांचे अन्नसुरक्षा लेखापरीक्षण करणे हा माझा व्यवसाय आहे. सरकारी अन्न सुरक्षा अधिकारी वेगळे आणि आम्ही वेगळे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालच्या नियमांचे पालन होते आहे की नाही हे खासगी संस्थेतर्फे तपासून अहवाल देणे एवढेच आमचे काम असते. छापा घालण्याचा किंवा दंड करण्याचा अधिकार आम्हाला नसतो. केटरिंगसाठीची आमची तपासणी सूची ११४ गुणांची आहे. भिंतीवर लावलेल्या परवान्यापासून कचऱ्याच्या डब्याच्या झाकणापर्यंत सगळे तिच्यात येते. पदार्थ खाण्याजोगा लागतो का, हा प्रश्न तिच्यात नाही, आणि नियमांचा हेतू पाहता तो नसणे योग्यही आहे, असेच मी इतकी वर्षे मानत आले होते.

मुंबईहून किंवा पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा अंतरावरच्या एका मनोरंजन उद्यानातले मोठे उपाहारगृह तपासण्याचे काम मे महिन्यात आमच्याकडे आले. उद्यान चालवणारी कंपनी एक आणि उपाहारगृह चालवणारा कंत्राटदार दुसरा, अशी तिथली व्यवस्था होती. तपासणी खऱ्या गर्दीत व्हावी म्हणून मी मुद्दाम रविवार मागून घेतला. उपाहारगृहाला जुन्या वाड्याचे रूप दिले होते: फायबरचे नक्षीदार खांब, दिंडी दरवाजा, मधोमध बिनपाण्याचे तुळशीवृंदावन, आणि तयार शिवलेले फेटे टोपीसारखे डोक्यावर चढवून फिरणारे वेटर. एवढा वाडा उभारूनही फलकावरच्या पदार्थांत पिठले नव्हते, भरली वांगी नव्हती, साधी कोशिंबीरही नव्हती. होते ते पनीर मखनी, मिक्स व्हेज, दाल तडका, चिकन मसाला, जिरा राइस आणि गुलाबजाम, म्हणजे कोणत्याही शहरातल्या कोणत्याही लग्नाच्या हॉलमध्ये असते तेच.

नऊ वाजता मी स्वयंपाकघरात शिरले आणि खरे सांगायचे तर पहिले दोन तास मला फार आनंदाचे गेले. डीप फ्रीझर उणे १८ अंशांवर होता, कच्चे मांस आणि भाज्या यांचे चॉपिंग बोर्ड वेगवेगळ्या रंगांचे होते, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रे चालू वर्षाची होती, आणि पाण्याचा चाचणी अहवाल मागण्याआधीच पुढे आला. कढईतल्या तेलात चाचणीची पट्टी बुडवून पाहिली; टोटल पोलर कंपाउंड्सची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचत जाणाऱ्या अपायकारक द्रव्यांची, मर्यादा २५ टक्के आहे आणि हे तेल तिच्या बरेच खाली होते. पनीरची खोकी मी वेगळी काढून पाहिली, कारण वनस्पती तेलापासून केलेला पनीरसारखा पदार्थ (ॲनालॉग) दुधाचे पनीर म्हणून खपवण्याचे प्रकार अलीकडे वाढले आहेत. लेबलांवर आणि खरेदीच्या पावत्यांवर दुधाचेच पनीर होते.

एकच गोष्ट खटकत होती, पण तिच्यासाठी सूचीत रकाना नव्हता. साडेदहाच्या सुमारास दुपारचा जवळजवळ सगळा स्वयंपाक उरकला होता. मी व्यवस्थापकांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पब्लिक एक ते अडीचमध्ये एकदम तुटून पडतं. त्या वेळी फोडणीला बसलो तर लाइन पार राइड्सपर्यंत जाते. आधी करून बेन-मारीत ठेवलं की टेन्शन नाही." बेन-मारी म्हणजे गरम पाण्यावर भांडी ठेवण्याची पेटी. शाकाहारी पदार्थ ६५ आणि मांसाहारी पदार्थ ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नयेत असा नियम आहे. एक वाजता मी प्रत्येक भांड्यात प्रोब थर्मामीटर घातला: पनीर ७१, डाळ ७४, चिकन ७६. पूर्ण गुण देऊन मी पुढे सरकले.

तपासणीच्या दिवशी ग्राहक खातो तेच, त्याच रांगेत उभे राहून आणि स्वतःच्या पैशांनी खायचे, हा माझा शिरस्ता आहे. कंत्राटदाराने पुढे केलेले ताट घेतले तर दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिताना हात आखडतो. बुफेचा दर ₹६९९ होता, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ₹७३४. पावतीवर परवाना क्रमांक छापलेला होता, सेवा शुल्क लावलेले नव्हते. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

ताट मात्र पाहण्यासारखे होते. पनीरचा तुकडा चमच्याने तुटेना, आणि दाताखाली घेतला तर खोडरबर चावल्यासारखे वाटे. मिक्स व्हेजमधले गाजर कुठले आणि फरसबी कुठली हे फक्त रंगावरून ओळखायचे. डाळीवर साय धरली होती. वाढणाऱ्या मुलाने डाव फिरवून ती आत ढकलली, तेव्हा तिचे पापुद्रे ताटात आले. भाताची शिते कडेने टणक आणि मध्ये भुगा. पुऱ्या झाकणाच्या डब्यात स्वतःच्याच वाफेने भिजून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि वरची सोडवताना खालचीचा पापुद्रा तिच्याबरोबर निघाला. पनीर, भाजी आणि चिकन या तिन्हींचा रस्सा एकाच लाल बेस ग्रेव्हीतून निघालेला होता. पनीरमध्ये क्रीम, चिकनमध्ये गरम मसाला, भाजीत काहीच नाही, एवढाच फरक. तिखट नव्हते, आंबट नव्हते, खारटही नव्हते. कुणाचीच तक्रार येऊ नये या धोरणाने केलेला स्वयंपाक असा लागतो.

शेजारच्या टेबलावर सातारा भागातले एक कुटुंब बसले होते: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि सात-आठ वर्षांचा नातू. चार मोठी ताटे आणि मुलाचे ₹४४९चे, असे कर धरून त्यांचे ₹३,४०७ झाले होते, आणि मुलगा ती पावती पुन्हा पुन्हा उलगडून पाहत होता. आजींनी पनीर ताटाच्या कडेला सारले. "ह्याला चवच न्हाय रं. माझ्या दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी त्या दारावरच्या पोरानं काढून घेतली, अन् हे खायला पैसं द्यायचं व्हय?" मुलगा म्हणाला, "आई, हळू बोल, लोक बघतात." त्यावर आजोबा, जे तोवर निमूटपणे जेवत होते, म्हणाले, "बघू देत. त्यांच्या ताटात काय येगळं हाय?" आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरची माणसे हसली, पण उठून व्यवस्थापकाकडे कुणीच गेले नाही. तक्रार करून होणार काय, दुसरीकडे जायला वाट कुठे आहे, हा हिशेब प्रत्येकाने मनात केलेला दिसत होता.

आजींच्या दशम्यांबद्दल कायद्याची बाजू त्यांना आवडली नसती. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा मालकाला अधिकार आहे. मात्र पिण्याचे पाणी मोफत दिले पाहिजे. उद्यानचालक आपल्या दारावरच्या नियमाच्या समर्थनार्थ त्याच निकालाकडे बोट दाखवतात. इथेही मोफत पाण्याची सोय होती, पण स्वच्छतागृहांच्या मागच्या बाजूला आणि बिनफलकाची. टेबलावर मात्र ₹२० छापील किमतीची बाटली ₹६० ला मिळत होती. तेही बेकायदा नाही. उपाहारगृहात नुसती बाटली विकली जात नाही, बसण्याची जागा आणि सेवा तिच्यासोबत येते, म्हणून छापील किमतीहून अधिक दर लावता येतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. पाण्याच्या जागेला फलक नाही, ही नोंद मी अहवालात केली.

जेवण इतके फसले कसे, हे मात्र मला नेमके कळले होते, आणि त्याचीच मला अधिक चीड आली. पनीर आम्लाने फाडलेल्या दुधाचे असते, त्यामुळे ते उष्णतेने वितळत नाही; त्यातली प्रथिने आवळत जातात आणि पाणी बाहेर पडते. दोन-अडीच तास ७१ अंशांवर ठेवले की त्याचे रबर होणारच. भाज्या त्याच उष्णतेत शिजतच राहतात. म्हणजे जो आकडा पाहून मी पूर्ण गुण दिले, तोच आकडा ताटातली चव मारत होता. यात नियमाची चूक नाही. कोमट ठेवलेल्या अन्नातून विषबाधा होते आणि रविवारी त्या जागी हजारो माणसे जेवतात. परंतु ६५ अंशांची अट ही कमीत कमी तापमानाची आहे, पदार्थ किती तास तसाच ठेवावा याची ती शिफारस नव्हे. थोडे थोडे, चार खेपांत शिजवले तर सुरक्षितता तीच राहते आणि अन्न अन्नासारखे लागते. त्यासाठी ऐन गर्दीच्या वेळी शेगडीपाशी माणसे लागतात, आणि खर्च येतो तो तिथे.

जेवणानंतर मी व्यवस्थापकांना हे बोलून दाखवले. ते चिडले नाहीत; दार लोटून घेऊन त्यांनी मला हिशेब सांगितला. विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती उद्यानाकडे जातात तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो त्यांच्या करारातला आहे, पण तो ऐकून मी वही मिटली. विक्री कमी झाली तरी ठरलेली किमान रक्कम भरावीच लागते. शिवाय उद्यानाला दिलेल्या त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी बसतो, आणि उपाहारगृह ५ टक्के दराने कर घेत असल्यामुळे ग्राहकांकडून घेतलेल्या करातून त्याची वजावट मिळत नाही. तो सगळा खर्चात जातो. शहरातल्या बऱ्या उपाहारगृहात शंभराच्या विक्रीमागे तीसेक रुपयांचा कच्चा माल ताटात येतो. इथे त्यावर कात्री चालवल्याशिवाय गणित जमत नाही. "आणि मॅडम," ते म्हणाले, "चांगलं दिलं काय अन् असं दिलं काय, ताटं तेवढीच जातात. पब्लिक राइडसाठी येतं, जेवायला कोण येतं?"

हे शेवटचे वाक्य मला पटले नाही, कारण उलट उदाहरण मला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात नॉट्स बेरी फार्म नावाचे प्रसिद्ध उद्यान आहे. रस्त्याकडेला बेरी विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पत्नीने, कॉर्डेलिया नॉट यांनी, १९३४ साली आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांतून ६५ सेंटला कोंबडीचे जेवण वाढायला सुरुवात केली. त्या जेवणासाठी इतकी गर्दी लोटू लागली की वाट पाहणाऱ्यांची करमणूक व्हावी म्हणून वॉल्टर नॉट यांनी १९४० च्या सुमारास शेजारी जुन्या धाटणीचे गाव उभारले आणि पुढे त्याचे उद्यान झाले. व्यवस्थापकांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतली.

तीन वाजता कामगारांचे भोजनालय तपासायचे राहिले होते. मुख्य स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये पाळणे चालवणारी, तिकिटे फाडणारी, झाडलोट करणारी आसपासच्या गावांतली मुले-मुली जेवत होती. शेगडीवर तुरीची आमटी उकळत होती. सावंतवाडीकडचे आचारी, ज्यांनी सकाळी पनीर मखनी केली होती, तेच आता आमटीत आमसुले टाकत उभे होते. चवळीची उसळ, गरम भात, कांदा, एवढाच बेत. मी थर्मामीटर काढला तसे ते म्हणाले, "आता उतरवतंय. तुमी जरा खाऊन तरी बघा." मी वाटीभर आमटी घेतली आणि आणखी एकदा घेतली. सकाळचे जेवण असे का होत नाही, असे विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले. "थयसर माका कोण विचारता? रेसिपीचो कागद हेड ऑफिसातून येता, ग्रेव्ही पिशयेतून येता. ह्या पोरांचा मात्र माझ्यार सोडलेला आसा." त्या जेवणाचे कामगारांच्या पगारातून कापले जाणारे पैसे मी विचारले नाहीत, दुपारच्या ₹७३४ शी ती तुलना मला सोसली नसती.

अहवालात उपाहारगृहाला ११४ पैकी १०४ गुण मिळाले. इतर निरीक्षणांच्या रकान्यात मी शिजवणे आणि वाढणे यांतले अंतर कमी करावे, भात आणि पुऱ्या खेपांनी कराव्यात, बेस ग्रेव्ही निदान दोन वेगळ्या असाव्यात आणि फलकावर दोन स्थानिक पदार्थ असावेत, असे चार मुद्दे लिहिले. आमच्या कार्यालयाने ते कार्यकक्षेबाहेरचे म्हणून काढायला सांगितले. मी ते सोबतच्या पत्रात घातले आणि त्यावर सही केली. कंत्राटदाराचे उत्तर पावसाळ्यात आले. मोफत पाण्याजवळ फलक लावला आहे, पुऱ्या आता ग्राहकांसमोर तळून देतो, बाकीचे मुद्दे व्यावसायिक निर्णयाचे असल्याने विचाराधीन आहेत, असे त्यात लिहिले होते. पत्रासोबत नवे दरपत्रक जोडले होते. "लाइव्ह पुरी काउंटर"सह बुफे आता ₹७४९ झाला होता.