आमची वाटचाल : लालबागचा डंक आणि बदलापूरचं गिऱ्हाईक

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि आमचे बाबा साचेखात्यातून घरी बसले ते कायमचेच. मग त्यांच्याच गिरणीतल्या फिटरकाकांनी भंगारातून एक डंक, म्हणजे मसाला कुटायचं मशीन, शोधून आणला, शाफ्ट बदलला, पट्टा चढवला आणि चाळीच्या तळमजल्यावर पागडीच्या गाळ्यात दोघांनी अर्ध्या भागीत कांडप सुरू केलं. काकांना नुसत्या आवाजावरून कळायचं कुठली मुसळ खलाला घासतेय ते. आजही तो डंक चालू आहे, मोटर तेवढी नवीन.

मधली वर्षं चांगली गेली. मार्च ते मे लाइन लागायची. बेडगी, संकेश्वरी मिरची, धणे, दगडफूल, सगळं लोक आपापलं भाजून आणायचे.

मग रिडेव्हलपमेंट आली. आमची चाळ सेसची, म्हणजे दुरुस्तीचा कर भरणारी जुनी इमारत, ती अशा इमारतींच्या पुनर्विकासाच्या 33(7) या नियमात गेली. गाळेवाल्याला होता तेवढाच गाळा मिळतो हे नियमात आहे, पण बिल्डर आम्हाला मागे पार्किंगच्या बाजूला ढकलत होता. रस्त्याला तोंड असलेला गाळा ॲग्रीमेंटमध्ये येईपर्यंत बाबांनी सही केली नाही, त्यासाठी चाळीतल्याच काही लोकांनी आमच्याशी बोलणं सोडलं, ते मला अजून लागतं. चाळ पडली, काम प्लिंथवर, म्हणजे पायाच्या वर येऊन अडकलं, आणि बिल्डरने आमच्या बाहेरच्या जागेचं भाडं द्यायचं बंद केलं. आम्ही एका पत्र्याच्या शेडमध्ये डंक लावला होता, लाइट बिल भरायलाही उसने घ्यायची वेळ आली. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी एकाने पल्वरायझर, म्हणजे मसाला कुटण्याऐवजी झटपट दळणारं मशीन, टाकला आणि वर बोर्ड लावला, 'डंकाचा मसाला'. पल्वरायझरमध्ये मसाला तापतो, तेल उडतं, वास जातो, हे धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे. वर आमच्या गिऱ्हाइकांना सांगायचा की डंकवाल्यांनी, म्हणजे आम्ही, धंदा बंद केला. त्याने रेट कमी ठेवला याचा राग नाही, या खोट्याचा आहे.

त्या सीझनला दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी मिरचीची गोणी घेऊन विचारत विचारत शेडपर्यंत आल्या, आणि पुढच्या रविवारी जुन्या चाळीतल्या आणखी चार घरांना घेऊन आल्या. आम्ही तरलो ते त्यांच्यामुळे.

टॉवर झाल्यावर मावशींना घर मिळालं, 300 स्क्वेअर फूट, पण दोन मुलांची लग्नं झालेली आणि मेंटेनन्स वेगळा, मग घर विकून बदलापूरला दोन फ्लॅट घेतले. आमच्या मजल्यावरची निम्मी घरं अशीच गेली, कोणी विरार कोणी डोंबिवली. नवीन आलेले लोक चांगले आहेत, पण त्यांच्याकडे वर्षाचा मसाला करत नाहीत, पाव किलोचं पाकीट मागतात. आम्ही पाकिटं पण ठेवली, पण डंक पाकिटावर चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच की माणसं हौसेने गेली नाहीत. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा म्हाडाला घरांसाठी होता. 2001 ला तो फक्त मोकळ्या जमिनीवर मोजायचा असं केलं, 2006 ला सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं, आणि वाटा पार आटला. बाबांनी गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म भरलाय, आता शेलू-वांगणीला घर देऊ म्हणतात, बदलापूरच्याही पुढे! ज्यांनी हा भाग उभा केला त्यांना परवडेल असं घर याच भागात पाहिजे होतं, आणि जागा होती.

ज्यांची चाळ आता जातेय त्यांनी ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय खोली खाली करू नका, आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधी हातात घ्या. मिरची देठं काढून दोन-तीन कडक उन्हं देऊन आणा, ओली मिरची डंकाला चिकटते आणि मसाल्याला जाळी धरते. बरणीत हिंगाचा खडा टाका.

लांबून येणाऱ्यांसाठी सीझनमध्ये रविवारी डंक सकाळी सातलाच चालू करतो, आणि कल्याणच्या पलीकडून आलेल्यांचा नंबर आधी. इथल्यांनी समजून घ्या.