पाणी कंपनीचा माणूस म्हणे
आज दुपारी बेल वाजली, दारात हाय-व्हिज (कामगारांचं चमकदार) जॅकेटवाला, म्हणे पुढच्या गल्लीत पाइप फुटलाय, किचनचा नळ चेक करायचाय. गळ्यात आयडी होतं पण पत्र नाही, अपॉइंटमेंट नाही, व्हॅन पण नाही! म्हटलं थांब बाबा, चेन लावून बिलावरच्या नंबरवर फोन केला (त्याच्या कार्डावरचा नंबर त्याच्याच मित्राचा असायचा). ते म्हणाले आम्ही कोणाला पाठवलंच नाही, तोवर साहेब पसार. १०१ वर (इथे यूकेत तातडी नसेल तेव्हाचा पोलिसांचा नंबर) कळवलं. लेस्टरमध्ये आमच्या शेजारच्या गुजराती आजी एकट्याच असतात, त्यांना प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरचं (वयस्कर, आजारी अशा जास्त मदत लागणाऱ्या ग्राहकांची कंपनीकडची यादी) सांगितलं, त्यात कंपनीशी पासवर्ड ठरवता येतो, आलेल्या माणसाने तो सांगितला तरच दार उघडायचं. आजी आता पासवर्ड काय ठेवणार ते मलाही सांगेनात, बरोबरच आहे म्हणा 😄