दुपारी दमणारा एसी : सोलापूरच्या उन्हाळ्यातला माझा अनुभव

सोलापुरात एसीची परीक्षा रात्री होत नाही, दुपारी दोन ते पाच या वेळात होते. मे महिन्यात पारा 42-43 वर असतो, स्लॅब तापलेला असतो, पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवता येत नाही. आणि ज्याच्यासाठी एसी घेतला त्या माणसाला नेमकी तेव्हाच त्याची गरज असते.

आमच्या घरी हा माणूस म्हणजे माझे सासरे. मामांनी सगळी उमेद यंत्रमागावर काढली. आधी कामगार, मग मागांची देखरेख-दुरुस्ती करणारा जॉबर. आता फुप्फुसं साथ देत नाहीत. उकाडा वाढला की धाप लागते, झोप उडते, जेवण जात नाही. डॉक्टरांनी उन्हाळ्यात खोली गार ठेवायला सांगितलं आणि कूलर नको म्हणाले, कारण दमट हवेत मामांना जास्त त्रास होतो. एरवी सोलापूरच्या कोरड्या उन्हात कूलर फार छान चालतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याला दिवसभर पाणी लागतं, आणि आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं. म्हणून मामांच्या खोलीत दीड टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी आहे.

घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. आजूबाजूला टॉवेलचे, चादरींचे कारखाने. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

एप्रिल संपता संपता एसी विचित्र वागायला लागला. रात्री दहानंतर खोली व्यवस्थित गार व्हायची. दुपारी मात्र तासभर चालला की आतून नुसता वारा यायचा, गारवा नाही. पंखा चालू, दिवा चालू, रिमोटवर 24 चा आकडा, आणि खोली तापत चाललेली. अर्ध्या तासाने पुन्हा थोडा वेळ गार हवा यायची, पुन्हा बंद. मामा उशीला टेकून बसायचे आणि मी ओल्या फडक्याने त्यांची मान पुसायचे.

पहिला जो मेकॅनिक आला त्याने इनडोअरसमोर हात धरला आणि म्हणाला, "वहिनी, गॅस संपलाय. भरायला लागतंय." रक्कम तीन हजारांच्या वर सांगितली. झाकण काढलं नाही, मीटर लावला नाही. मी विचारलं, गॅस संपला असेल तर रात्री गार कसा होतो? त्यावर तो म्हणाला, उन्हात असंच होतं. आतल्या खाटेवरून मामा म्हणाले, "आधी मशीन उघडून तर बघा की." त्याने उघडली नाही आणि मीही गॅस भरू दिला नाही.

ही गोष्ट मला प्रत्येक घरात पोचावी असं मनापासून वाटतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या नळ्यांच्या बंद फेऱ्यात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन सोडतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. ती गळती शोधून बंद केल्याशिवाय वरून गॅस भरला तर काही दिवसांनी पुन्हा तेच. त्यामुळे गॅस भरायचा म्हटलं की एकच विचारायचं : गळती कुठे आहे ते दाखवा. नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं तरी बुडबुडे दिसतात. काही वेळा तेलकट डागच पत्ता सांगतो.

मग शेजारच्या कारखान्यातल्या ऑफिसचे एसी बघणारे एक मिस्त्री ओळखीतून मिळाले. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी आल्या आल्या इनडोअरकडे पाहिलंही नाही. "ताई, बाहेरचं युनिट कुठंय?" म्हणाले आणि सरळ गच्चीवर गेले.

आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीला लागून. त्यांनी मागची बाजू मला बोलावून दाखवली. ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या दिसायला हव्यात तिथे राखाडी नमदा बसला होता. नखाने ओढला तर तुकडाच्या तुकडा निघून आला : सूत, लव आणि वर धूळ. ज्या कापसाच्या धुळीने मामांची छाती भरली, तीच इथे साठली होती. मी तो तुकडा खाली नेऊन त्यांना दाखवला. ते बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, मागावर आम्ही रोज हवा मारायचो, आठवड्याला पुसून तेल घालायचो, नाहीतर धागा तुटलाच समज.

मिस्त्रींनी कारण सोप्या शब्दांत सांगितलं. आतली उष्णता बाहेरच्या कॉइलमधून, म्हणजे पट्ट्या लावलेल्या नळ्यांच्या जाळ्यातून, हवेत जायला पाहिजे. कॉइलमधून वारा गेला नाही तर गॅस तापलेलाच राहतो, त्याचा दाब चढतो, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. गार झाला की पुन्हा सुरू. रात्री बाहेरची हवा उतरली की मळलेली कॉइलसुद्धा कशीबशी निभावते, दुपारी निभावत नाही. म्हणजे दुपारी बंद पडणं आणि रात्री चालणं यातच रोगाचं निदान होतं. गॅस खरोखर कमी असता तर रात्रीचा गारवाही कमी झाला असता.

यात आणखी एक गोष्ट आहे. एसीच्या क्षमतेचा जो आकडा आपण वाचतो तो बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर त्याहून सात-आठ अंश जास्त असतं, आणि तापलेल्या भिंतीजवळ तर त्याहूनही जास्त. म्हणजे नवाकोरा दीड टनही इथे दुपारी पूर्ण दीड टनाचं काम करत नाही. मुळातच हातात थोडं कमी असताना धुळीने त्यातलं आणखी खावं, हे सोलापूरला परवडण्यासारखं नाही. थंड हवेच्या गावात मळलेला एसी कदाचित खपून जाईल.

काम सुरू करण्याआधी त्यांनी क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावला. कॉम्प्रेसर चालू असताना आकडा नऊ अँपिअरच्या वर. मग एमसीबी खाली पाडला, रिमोटवर नाही, मुख्य बोर्डावर. आउटडोअरचं झाकण काढून कॅपॅसिटरमधली साठलेली वीज आधी उतरवली. वीज बंद केल्यावरही तो झटका देऊ शकतो, म्हणून हे झाकण घरच्या कुणी उघडू नये. कॅपॅसिटर मोजला तर वर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच उतरलेला निघाला. उष्णतेने ते लवकर म्हातारे होतात. काही शे रुपयांत नवा बसवला. हा उतरला की कॉम्प्रेसरला सुरू होताना धाप लागते, आणि तसाच चालवत राहिलं तर मोठा खर्च उभा राहतो.

धुण्याआधी त्यांनी कोरड्या ब्रशने नमदा वरून खाली ओढून काढला. एकदम पाणी मारलं तर तो भिजून पट्ट्यांच्या आत जाऊन बसतो. मग जेट पंप, पण सरळ समोरून आणि बेताच्या दाबाने, कारण तिरका फवारा बसला तर पट्ट्या आडव्या होतात. ज्या आधीच दबल्या होत्या त्या त्यांनी दातेरी पट्टीने सरळ केल्या. मी बोअरचं पाणी देत होते, ते त्यांनी शेवटच्या धुण्यासाठी घेतलं नाही. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, सुकलं की पांढरा थर राहतो. शेवटी नळाचं साठवलेलं पाणी काढून दिलं. पाण्याच्या टंचाईत ते देताना जीवावर आलं, पण दोनतीन बादल्यांत भागलं. ॲसिड वापरून चकचकीत करून देणारे असतात, त्यांना नाही म्हणा. त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

आत आल्यावर इनडोअरची पाळी. जाळ्या आम्ही धुवत होतो, त्या बऱ्या होत्या. पण जाळीमागची कॉइल आणि लांबट ब्लोअर पंखा काळाकुट्ट. त्या पंख्याच्या पात्यांवर थर बसला की वारा कमी होतो आणि कुबट वास येतो. मामांच्या खोलीत थोडा वास येत होता, तो औषधांचा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मिस्त्रींनी विजेचा भाग प्लास्टिकने झाकला, खाली पिशवी बांधली आणि फोम मारून धुतलं. पिशवीत उतरलेलं पाणी शाईसारखं काळं होतं. ती हवा मामा श्वासात घेत होते. मला खरा धक्का बसला तो इथे, विजेच्या बिलापेक्षा जास्त.

सगळं जोडून पुन्हा मीटर लावला. भर दुपारी, त्याच उन्हात आकडा आठाच्या खाली. दाब तपासला, बरोबर होता. एक थेंब गॅस भरावा लागला नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कॉम्प्रेसर मधूनमधून विश्रांती घेत चालला. म्हणजे खोली हव्या त्या तापमानाला पोचत होती आणि मशीन आपणहून थांबत होतं. मामा चार वाजता चक्क झोपले होते.

बिलाचा हिशेब सांगते, कारण घरात तोही लागतो. असा दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट घेतो. आठ तास अखंड चालला तर दिवसाला बारा युनिट, महिन्याला साडेतीनशेच्या वर. स्वच्छ एसीचा कॉम्प्रेसर अखंड चालत नाही, मळलेल्याचा तापून बंद पडेपर्यंत चालतच राहतो. महावितरणच्या बिलात 100, 300 आणि 500 युनिटच्या पुढे दर चढत जातो, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात महाग दराचं असतं. नुसती मळकी जाळी स्वच्छ केली तरी एसीचा वीजवापर 5 ते 15 टक्क्यांनी कमी होतो, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. आणि तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, हे आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं म्हणणं. 2020 पासूनचे नवे एसी सुरू केल्यावर 24 अंशच आधी येतात ते सरकारने या ब्यूरोच्या सल्ल्याने केलेल्या नियमामुळे. आम्ही 26 ठेवतो आणि छताचा पंखा सगळ्यात हळू. मामांना तेवढं पुरतं. पूर्वी दुपारी 20 वर नेऊनही पुरत नव्हतं.

जाळी महिन्याला धुवा, असं सगळीकडे सांगतात. कारखान्यांच्या भागात महिना फार झाला. आमच्याकडे दर रविवारी जाळी निघते, नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडून धुतली जाते, सावलीत वाळते. उन्हात ठेवली तर प्लास्टिक वाकतं. माझी दहावीतली मुलगी हे काम करते आणि एखाद्या रविवारी तिला विसर पडला तर मामा आठवण करतात. आउटडोअर मात्र उन्हाळ्याच्या मध्यावर एकदा कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचं ठरलंय, वीज बंद करून, फक्त बाहेरून. त्यावर शेडनेटची सावली करायचा विचार होता, तेव्हा मिस्त्रींनी बजावलं की कापड युनिटला चिकटू देऊ नका, सावली वर हातभर उंच हवी आणि समोर गरम हवा निघायला मोकळी जागा. काहीजण धूळ नको म्हणून युनिटवर पोतं टाकतात, त्याने कॉइलचा श्वासच बंद होतो.

एक गोष्ट उन्हाळ्यात कळतच नाही, ती जूनमध्ये कळते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी जेमतेम गळतं. ड्रेन पाइप तुंबलेला असला तरी काही दिसत नाही. मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की पाणी एकदम वाढतं आणि तुंबलेल्या ट्रेमधून भिंतीवर उतरतं. आमच्या समोरच्या घरी गेल्या जूनमध्ये असंच कपाटामागचा गिलावा फुगला. त्यामुळे मिस्त्रींनी जाताना ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते पाइपमधून बाहेर पडतंय का ते मला पाहायला लावलं. तुम्हीही सर्व्हिसवाल्याला हे करून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता वेळेचं. एप्रिल-मेमध्ये चांगले मिस्त्री मिळत नाहीत. प्रत्येकाच्या मागे वीस घरं असतात आणि कामात घाई होते. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की ऊन तापायला वेळ असतो, मिस्त्री मोकळे असतात आणि एखादा सुटा भाग मागवावा लागला तरी चालून जातं. आमच्या मिस्त्रींना फेब्रुवारीचा पहिला आठवडा सांगून ठेवलाय. त्यांनी वहीत लिहून घेतलं. शेजारच्या दोन घरांनीही त्याच दिवसाचं नाव दिलंय, म्हणजे जेट पंप एकदाच गच्चीवर चढेल. खंडेनवमीला मामांनी यंदा एसीलाही हळदकुंकू लावायला सांगितलंय. मागाला लावायचो तसं, म्हणाले.