छपाई पुसलेला व्हॉल्व्ह ओळखताना
कोल्हापुरातील जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून अजूनही कधीमधी पत्र्याच्या डब्यात भरलेले सुटे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या निर्वात काचेच्या नळ्या, मिळतात, आणि त्यांतील बऱ्याच काचांवर एकही अक्षर वाचता येत नाही. केवळ ओळख पटत नाही म्हणून चांगले व्हॉल्व्ह भंगारात जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशी काच स्पिरिटने किंवा ओल्या फडक्याने मुळीच पुसू नये. उरलीसुरली छपाई त्यानेच जाते. तोंडाची वाफ सोडून बॅटरीचा उजेड तिरपा धरला, तर पुसट अक्षरे पुष्कळदा दिसतात. फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर तळाशी, पिनांजवळ, बारीक राखाडी सांकेतिक अक्षरेही असतात. ‘आरएक्स’ असेल तर तो ईएल८४ या प्रकारचा, ‘एक्सएफ२’ असेल तर ईएल३४. कंपनीच्या छापील नावावर मात्र मी विसंबत नाही, कारण एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या नावाने विकण्याची पद्धत जगभर होती. काचेच्या आतला रुपेरी लेप पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह बाजूला ठेवावा.

खरी ओळख हीटरपासून, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेपासून, सुरू होते. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये तो बहुधा ४ आणि ५ या पिनांवर असतो. ईएल८४ आणि यूएल८४ यांच्या पिनांची मांडणी सारखी आहे, परंतु पहिल्याचा हीटर ६.३ व्होल्ट व ०.७६ अँपिअरचा, तर दुसऱ्याचा ४५ व्होल्ट व ०.१ अँपिअरचा असल्यामुळे थंड स्थितीतही मल्टिमीटरवर त्यांच्यातील फरक ठळक दिसतो. सात पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये हीटर १ आणि ७ वर सापडला, तर तो बॅटरी सेटवरचा १.४ व्होल्टचा असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून अनोळखी व्हॉल्व्हला एकदम ६.३ व्होल्ट देऊ नयेत.

४, ५ आणि ९ या तिन्ही पिना एकमेकींशी जोडलेल्या असून ९ नंबरची पिन बरोबर मध्यावर येत असेल, तर बहुधा ईसीसी८१, ८२ आणि ८३ या तिघांपैकी एक हाती आहे. येथे हीटर काहीच सांगत नाही, कारण तिघांचाही हीटर सारखाच आहे. त्यामुळे प्लेटला (प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्याला) २५० व्होल्ट देऊन, अर्थात योग्य ती खबरदारी घेऊन, प्रथम ग्रिड (प्रवाह कमीजास्त करणारी जाळी) उणे ८.५ व्होल्टवर ठेवावी. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तर तो ८२. प्रवाह जवळजवळ शून्य असेल, तर ग्रिड हळूहळू उणे २ व्होल्टपर्यंत आणावी: तेथे ८३ मधून जेमतेम १.२ मिलिअँपिअर वाहतो, ८१ मधून सुमारे १०. वापरलेल्या व्हॉल्व्हमध्ये हे आकडे काहीसे कमी भरतात, तरी या दोघांत गल्लत होण्याइतके ते जवळ येत नाहीत.