'देवाची इच्छा' आणि माझ्या तीन वह्या

आमच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीची सेक्रेटरी म्हणून मी 11 वर्षं मिनिट्स लिहितेय. तीन वह्या भरल्या, चौथी चालू आहे. गेल्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले, "पुढं आपण कशासाठी असायचं, याची पारख करू या." तेव्हा मी त्या तिन्ही वह्या घरी आणल्या आणि पहिल्या पानापासून वाचल्या. छप्पर, गळती, माइक, वर्गणी, पुन्हा छप्पर. अधूनमधून 'देवाची इच्छा' हे शब्द भेटायचे. ते आले की खाली बहुधा माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं, 'विषय संपला'.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही देवाची इच्छा शोधत नव्हतो, ती दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरत होतो. मीही. एका पानावर ते वाक्य माझ्याच नावावर आहे.

परिस्थिती सांगते. यादीत 140 कुटुंबं, रविवारी बाकांवर साठ-सत्तर माणसं, शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, 9 मुलं. मागचा मोठा हॉल कुलूपबंद. तो भाड्यानं द्यावा आणि त्या पैशातून छप्पर करावं, असं खजिनदार चार वर्षं म्हणत होते. इतर बरेच जण चार वर्षं नाही म्हणत होते.

पहिल्या सभेत आम्ही सगळ्यांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि एक ध्येयवाक्य तयार केलं. देवावर प्रीती, माणसांची सेवा, असं काहीतरी. चूक त्यात काहीच नव्हती. कुठल्याही मंडळीच्या भिंतीवर खपलं असतं. हॉलचं काय करायचं हे मात्र त्यातून कळेना.

मग पाळकसाहेबांनी 1539 सालची गोष्ट सांगितली. इग्नेशियस लोयोला, म्हणजे पुढं जेझुइट संघ काढणारा कॅथलिक धर्मगुरू, आणि त्याचे मूठभर सोबती रोममध्ये होते. (हे कॅथलिक लोकांचं आपल्याकडे कशाला, असं मागच्या बाकावरून आलंच.) एकत्र राहायचं हे त्यांचं ठरलं होतं, पण आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहायचं का, यावर गाडी अडली. दिवसभर आपापलं काम करायचं, रात्री जमायचं. त्यांनी काही नियम घालून घेतले. प्रार्थना प्रत्येकानं करायची, पण आपलं मत दुसऱ्याच्या गळी उतरवायला जायचं नाही. आपण या गटातले नाहीच, परके आहोत, असं समजून विचार करायचा. आणि बैठकीत एके दिवशी सगळ्यांनी फक्त विरोधातली कारणं मांडायची, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. उपवासकाळात सुरू झालेलं हे काम जूनमध्ये संपलं. पुढच्या वर्षी पोपनं त्यांच्या संघाला मान्यता दिली.

आम्ही ते उचललं. एका रविवारी उपासनेनंतर हॉल भाड्यानं देण्याच्या फक्त विरोधात बोलायचं, पुढच्या रविवारी फक्त बाजूनं. पळवाट नाही.

पहिल्या रविवारी खजिनदारांची पाळी आली. चार वर्षं एकच पाढा म्हणणारा माणूस बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाले, "भाडं सुरू झालं की त्या जागेत आपण काय करायला हवं होतं, हा प्रश्न आपण कधीच विचारणार नाही. पैसे येतात ना, म्हणू." आपल्याच तोंडून ते ऐकून ते स्वतःच दचकल्यासारखे दिसले.

पुढच्या रविवारी, ज्यांचे यजमान हॉलसाठी खूप खपले होते त्या मावशी उठल्या. हॉल परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून त्या दोनदा सभेतून उठून गेल्या होत्या. म्हणाल्या, "ह्यांनी तो माणसांसाठी बांधला. आज तिथं झुरळं राहतात." आणि खाली बसल्या. मी लिहायचं विसरले. नंतर आठवून लिहिलं.

सगळंच असं छान झालं नाही. 'परक्यासारखा विचार' करताना मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "मी बाहेरचा असतो तर इथं दुसऱ्यांदा आलो नसतो, दारात कोणी बोललंच नाही मला." ते अनेकांना झोंबलं. दोन कुटुंबं तेव्हापासून येत नाहीत. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातही यरुशलेमेत मोठा वाद होऊन एकमताचं पत्र निघतं, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा मार्कवरून भांडून वेगवेगळ्या वाटेनं जातात. ते मी पूर्वी घाईनं वाचून पुढं जायचे.

आता शेवटचं, सेक्रेटरी म्हणून. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या कामकाजाच्या सभांत मतदान होत नाही. सभेचा कल काय दिसतो ते लिहिणारा तिथंच लिहितो, वाचून दाखवतो, आणि सगळ्यांनी मान्य केलं तरच ते राहतं. घरी येऊन सवडीनं मिनिट्स लिहिण्याची आणि लिहिताना थोडं 'नीट' करण्याची माझी सवय यात बसत नाही. तरी गेल्या सभेत केलं. हॉल आठवड्यातले तीन दिवस शाळेनंतर अभ्यासाला जागा नसलेल्या मुलांसाठी उघडायचा, मग ती कुणाचीही असोत. भाड्याचा विषय सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायचा. छपराचा खर्च अजून उभा आहे.

मी वाचून दाखवलं, "सभेनं असं ठरवलं की..."

मावशींनी हात वर केला. "ठरवलं नको. 'इथवर कळलं' असं लिही."

खोडलं आणि तसं लिहिलं. मग मुलांवर लक्ष ठेवायला मंगळवारी कोण येणार, असं विचारलं. खजिनदारांनी किल्ली मागितली.